तिसरं रीडिंग

आमच्या कॉलेजच्या लॅबमध्ये कॉम्प्युटर यावेत म्हणून सगळ्यांत जास्त आरडाओरडा मीच केला होता, हे आधी सांगून टाकते. पुढे माझा गळा भरून आला तर कुणी मला बिचारी म्हणायला नको.

मी भोसरीतल्या एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते. वीसेक वर्षं झाली. राहायला दिघीत, जायला-यायला शेअर रिक्षा. आमची लॅब म्हणजे एक लांबडी खोली, आम्लाने खाल्लेले ओटे, दोन बेसिन आणि आठ ब्युरेट. ब्युरेट म्हणजे खाली तोटी असलेली, अंगावर आकडे कोरलेली काचेची उंच नळी. तिच्यातून थेंबथेंब द्रव खालच्या फ्लास्कमध्ये सोडायचा, फ्लास्कमधल्या आम्लाचा रंग पालटला की तोटी बंद करायची आणि किती द्रव लागला तो आकडा लिहायचा. त्यावरून आम्लाची ताकद कळते. आठांतल्या तीन ब्युरेट गळायच्या. उन्हाळ्यात पाणी एक दिवसाआड यायचं, तेव्हा मुलं आपापल्या पिण्याच्या बाटलीतल्या पाण्याने काच धुवायची आणि वर मलाच विचारायची, "मॅडम, चालेल ना?" न चालून सांगणार कुणाला!

हे टायट्रेशन तीनदा करायचं असतं. तिन्ही आकडे सारखे आले की तो आकडा जर्नलमध्ये चौकट आखून लिहायचा, मग मी लाल पेनाने सही करणार. वीस मुलं, धड ब्युरेट पाच, वेळ दीड तास. तीन वेळा होणं शक्यच नाही, हे मला कळत होतं आणि मुलांनाही. म्हणून मुलं एकदाच करायची आणि तोच आकडा तीनदा लिहायची. ९.८, ९.८, ९.८. जरा जास्त शहाणी मुलं मध्येच एखादा ९.७ घालायची, खरं वाटावं म्हणून. मी सही करायचे. मी शिकत होते तेव्हा मीही हेच केलं होतं आणि माझ्या बाईंनीही अशीच सही केली होती. पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली रीत, तिला खोटेपणा म्हणायचं कुणाच्या डोक्यातही येत नाही.

लॉकडाऊनमध्ये लॅब बंद झाली आणि प्रॅक्टिकल मोबाइलवर आलं. पडद्यावर ब्युरेट, पडद्यावर फ्लास्क, बोट टेकवलं की एक थेंब. सगळं उघडल्यावर मी प्राचार्यांच्या मागे लागले की हेच आपण मोठ्या पडद्यावर आणू. काच फुटणार नाही, पाणी लागणार नाही, ओढणीला आम्लाची भोकं पडणार नाहीत. मुख्य म्हणजे प्रत्येक मूल तीनदा खरंच टायट्रेशन करील, एकदा करून तीनदा लिहायचं थांबेल. अर्ज मी लिहिला, मीटिंगमध्ये मी भांडले. उद्घाटनाला पाहुण्यांनी फीत कापायच्या ऐवजी माउस दाबला तेव्हा टाळ्या वाजवणाऱ्यांत मी सर्वांत पुढे होते. जुने ओटे निम्मे उखडले आणि तिथे पंचवीस कॉम्प्युटर बसले. ब्युरेट कपाटात गेल्या. परीक्षेला बाहेरचे परीक्षक यायचे तेव्हा तेवढ्या बाहेर निघायच्या.

त्या प्रोग्रॅममध्ये शिक्षकासाठी एक वेगळं पान होतं. तिथे एक लहानशी चौकट होती: तीन रीडिंग जुळली नाहीत तर विद्यार्थ्याला पुढे जाऊ द्यायचं की नाही. मी 'नाही'वर खूण केली. म्हणजे एखादं रीडिंग वेगळं आलं की त्याच्याभोवती लाल चौकट यायची, मुलाने ते पुसायचं आणि परत करायचं, तिन्ही जुळली की हिरवं. मला फार हुशारी केल्यासारखं वाटलं. जर्नल तपासायचा माझा वेळ वाचला. आणि त्या प्रोग्रॅममध्ये चुकीचं काहीच नव्हतं, कारण तिथे रीडिंग वेगळं येण्याचं एकच कारण असायचं, ते म्हणजे मुलाने थेंब जास्त टाकला. पडद्यावरचं आम्ल कधी बदलत नाही.

जिच्याबद्दल सांगायला बसले ती मुलगी पहिल्या वर्षाला आली ती ह्याच सगळ्यात. अकरावी-बारावीचं रसायनशास्त्र तिने वडिलांच्या मोबाइलवर केलेलं. वडील पिंपरीच्या एका कारखान्यात प्रेसवर होते, तीस वर्षं पत्रा दाबून दाबून एका कानाने ऐकू येईनासं झालेलं, त्यामुळे फोनवर फार मोठ्याने बोलायचे. पहिल्यांदा कॉलेजात भेटायला आले तेव्हा सगळ्या स्टाफरूमला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "जय भीम मॅडम. हिला मशीनवर नाही पाठवायची. हिला लॅबमध्ये बसवायची." जणू लॅब म्हणजे माझ्याच घरची खुर्ची होती. मुलगी लाजून त्यांचा शर्ट ओढत होती. मी म्हणाले, "बसवू की." असं बोलून गेले मी.

कॉम्प्युटरने तिचं भलंही केलं, ते लपवणार नाही. आम्लाचा आलेख शेवटच्या थेंबाला एकदम उभा का चढतो, हे मी फळ्यावर वीस वर्षं खडू घासून सांगते आहे आणि मुलं वीस वर्षं माना डोलावताहेत. तिने पडद्यावर एकेक थेंब टाकत ती रेघ चढताना पाहिली आणि ओरडलीच, "मॅडम, म्हणजे शेवटी अडवायला काही उरतच नाही!" बरोबर तेच, आम्ल संपलेलं असतं. माझ्या इतक्या वर्षांच्या शिकवण्यात हे वाक्य मला स्वतःला सुचलं नव्हतं. तीन वर्षांत तिच्या पडद्यावर लाल चौकट क्वचितच आली. आली की चेहरा असा व्हायचा की वाटावं, कुणीतरी चारचौघांत कानाखाली वाजवली.

बी.एस्सी. झाल्यावर तिला चाकणच्या एका प्लेटिंग कारखान्यात काम मिळालं. गाड्यांचे नट-बोल्ट आम्लात बुडवून साफ करायचे आणि मग त्यांवर जस्ताचा मुलामा चढवायचा, असा तो कारखाना. तिला तिथल्या लॅबमध्ये घेतलं होतं, ट्रेनी म्हणून, सहा महिने. सहा महिने नीट गेले तर कायम. घरात पहिलीच मुलगी जी कारखान्यात जाणार होती पण मशीनवर नाही. वडिलांनी पेढे आणले, स्टाफरूममध्ये प्रत्येकाच्या हातावर ठेवले आणि प्रत्येकाला तेच सांगितलं, लॅबमध्ये, लॅबमध्ये.

दोन दिवसांनी ती एकटी आली. दाराशीच उभी राहून म्हणाली, "मॅडम, मी खरी ब्युरेट किती वेळा हातात धरलीय, मोजलं. अकरा वेळा." मग तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "तिथे कुणाला कळलं तर?"

तीन वर्षं मी हिला सगळ्यांत जास्त मार्क दिले होते.

रुजू व्हायला दीड महिना होता. आम्ही सहा शनिवार बसलो. कपाटातून बरी ब्युरेट काढली, तोटीला व्हॅसलिन लावलं. डाव्या हाताने तोटी, उजव्याने फ्लास्क फिरवत राहायचा, नजर रंगावर, वर बघायचं नाही. पहिल्या शनिवारी तिचा हात इतका थरथरत होता की ब्युरेटच स्टँडमध्ये वाजायला लागली. दुसऱ्या शनिवारी थरथर गेली. चौथ्या शनिवारी तिचा हात माझ्यापेक्षा चांगला होता, हे मी मोठेपणाने म्हणत नाही, आकडेच सांगत होते. अर्धा थेंब तोटीच्या टोकाला धरून फ्लास्कच्या कडेला टेकवायचा, हे मुलांना वर्षभरात जमत नाही, तिला जमलं. गुलाबी रंग इतका फिका आणायची की कागद मागे धरून बघावं लागायचं. मी म्हणाले, "अगं, हात आहे की काय आहे!" ती हसली. मोबाइलमध्ये त्या फ्लास्कचा फोटो काढून वडिलांना पाठवला.

आणखी एक शिकवलं. चुकलं तर रबर वापरायचा नाही, आकड्यावर एकच आडवी रेघ मारायची. खालचा आकडा दिसला पाहिजे. कारखान्यात वही तपासतात, खाडाखोड दिसली तर संशय येतो.

पाचव्या शनिवारी तिची दोन रीडिंग आली ९.६ आणि तिसरं आलं १०.४. तिने माझ्याकडे बघितलं. मी पेपर तपासत होते. मान वर न करता म्हणाले, "सोड ते. हात चुकला असेल. पुढचं घे." तिने एकच आडवी रेघ मारली आणि पुढचं घेतलं. ९.६ आलं. ते १०.४ का आलं, हे त्या दिवशी मी विचारलं नाही आणि आता ते कुणालाच सांगता यायचं नाही.

पहिले पाच महिने ती महिन्यातून एकदा तरी फोन करायची. कॅन्टीनमध्ये जेवण चांगलं असतं, बसमध्ये बसायला मिळतं, सरांनी हाताची तारीफ केली. सर म्हणजे तिथले लॅबचे प्रमुख, चाकणच्याच जुन्या गावचे, पंचवीस वर्षं टाक्यांवर काढलेले. "मॅडम, सर म्हणतात तुझी रीडिंग छापल्यासारखी असतात." मला किती बरं वाटायचं सांगू. मी वर्गात तिचं उदाहरण द्यायला लागले.

सहाव्या महिन्यात वडिलांचा फोन आला. इतक्या मोठ्याने बोलणारा माणूस हळू बोलत होता, म्हणून मला आधी आवाजच ओळखू आला नाही. "मॅडम, पोरगी तीन दिवस जेवली नाही. कामावर जाते, येते, भिंतीकडे तोंड करून झोपते. कंपनीत काहीतरी झालंय. तुम्हाला सांगेल ती."

दुसऱ्या दिवशी तिची सुट्टी होती, ती कॉलेजात आली. कॉम्प्युटरच्या ओळीत एका खुर्चीवर बसली आणि सगळं सांगितलं. घाईने नाही, एकेक करून, तोंडी परीक्षेत उत्तर द्यावं तसं.

बोल्ट साफ करायची आम्लाची टाकी लांब असते, एका खोलीएवढी. प्रत्येक शिफ्टला तिच्या तीन जागांहून आम्ल घ्यायचं, अलीकडचं टोक, मध्य आणि पलीकडचं टोक. तिन्हींचं टायट्रेशन करायचं. आम्लाची ताकद कमी असेल तर सांगायचं, मग नवीन आम्ल ओततात. त्या दिवशी तिची रीडिंग आली १८.२, १८.१ आणि पलीकडच्या टोकाचं १२.६. तिने १२.६ वर एक आडवी रेघ मारली. ती बाटली धुऊन टाकली. आणि मधल्या बाटलीत शिल्लक होतं त्यातून परत केलं. १८.१ आलं. तिन्ही जुळली. तिने रजिस्टरमध्ये लिहिलं, टाकी ठीक आहे.

टाकी ठीक नव्हती. आम्ल ढवळायला तळाशी हवेची नळी असते, ती पलीकडे तुंबली होती, आणि नवीन आम्ल आदल्या शिफ्टने अलीकडच्या टोकाला ओतलं होतं. पलीकडे नुसतंच थकलेलं आम्ल. त्या बाजूला बुडवलेल्या बोल्टांचा गंज निघालाच नाही, मुलामा गंजावर चढला आणि गिऱ्हाइकाकडे पोचेपर्यंत पापुद्र्यांनी सुटला. सगळा लॉट परत आला. चौकशी झाली, कच्ची वही उघडली. रेघेखालचं १२.६ स्वच्छ दिसत होतं.

"मला वाटलं, माझा हात चुकला," ती म्हणाली.

मी पाण्याची बाटली पुढे केली. ती पाणी पिऊन गेली आणि मी त्या पंचवीस कॉम्प्युटरच्या मध्ये बसून राहिले. मनात एकच, तिची कायम व्हायची तारीख बारा दिवसांवर आली होती आणि तिला लॅबच्या खुर्चीतून उठवायला निघालेला माणूस चाकणचा कुणी साहेब नव्हता, ती मी होते. एकच टाकी, तीन जागा, तीन खरे आकडे, आणि त्यांतला सगळ्यांत कामाचा आकडा तिने खोडला, कारण मी तीन वर्षं त्याच्याभोवती लाल चौकट आखत आले. कॉम्प्युटरला शिव्या घालून मोकळं व्हावं असं फार वाटलं. पण ती खूण मी केली होती. आणि कॉम्प्युटर नव्हते तेव्हाही मी ९.८, ९.८, ९.८ वर सह्याच करत होते. फरक इतकाच की तेव्हाच्या मुलांना ठाऊक असायचं की आपण आकडे जुळवतोय. हिला ते ठाऊक नव्हतं. ही मनापासून जुळवत होती.

सोमवारी सकाळी मी शिक्षकाच्या पानावर जाऊन ती खूण काढली. दहा मिनिटांत चार मुलं माझ्या टेबलापाशी. "मॅडम, रीडिंग जुळत नाहीयेत आणि सिस्टीम काही बोलतच नाही. बिघडलीय का?" मी म्हणाले, "नाही बिघडली. का जुळत नाहीत ते तुम्ही सांगा." मुलं एकमेकांकडे बघत राहिली. मग आपापल्या जागी गेली आणि वेगळा आलेला आकडा स्वतःच पुसून बसली. पडद्यावर लाल काही नव्हतं. मी दोन ओळींच्या मध्ये उभी राहून ओरडले, "पुसू नका! अरे, पुसू नका ना!" शेजारच्या वर्गातले सर डोकावून गेले. मुलं घाबरून हात मांडीवर ठेवून बसली. त्यांना वाटलं, बाईंचं घरी काहीतरी बिनसलंय.

प्राचार्यांकडे गेले. खऱ्या ब्युरेट परत बसवा, असं मी म्हणाले. ते शांतपणे म्हणाले, "मॅडम, अर्ज तुमचाच होता." खोटं कुठे बोलत होते!

मग मी चाकणला गेले. कुणी बोलावलं नव्हतं. शिक्षक विद्यार्थ्याच्या कंपनीत जातात का? जात नाहीत. मोशीला कंटेनरच्या रांगेत बस पाऊण तास उभी राहिली आणि मी मनातल्या मनात भाषण जुळवत राहिले. गेटवर वॉचमनने मोबाइलच्या कॅमेऱ्यावर स्टिकर चिकटवलं, भेटीचं कारण विचारलं. मी 'शैक्षणिक' लिहिलं.

लॅबचे प्रमुख साठीला टेकलेले, जाड चष्मा, बोटांची टोकं आम्लाने पिवळी. मी भाषण सुरू केलं तर हातानेच थांबवलं. "बसा मॅडम. च्या घ्या आधी. पोरीचं म्हनाल तर तिचा हात लई साफ हाय. माज्या जुन्या मानसांचाबी न्हाई एवढा."

"मग चूक माझी आहे," मी म्हणाले. "तिला मी असंच शिकवलंय. वेगळं आलं की खोडायचं. तुम्ही तिला काढू नका. काय लिहून द्यायचं ते मी लिहून देते." पन्नाशीची बाई, परक्या कारखान्यात, चहाचा कप हातात धरून रडत होते.

ते माझं रडणं संपेपर्यंत थांबले. मग मला टाकीवर घेऊन गेले. आम्लाच्या वासाने माझे डोळे आणखीच झोंबले. त्यांनी तीन जागांहून तीन बाटल्या भरल्या, लॅबमध्ये आणल्या आणि माझ्यासमोर टायट्रेशन केलं. इथे रंग तांबड्याचा पिवळा झाला की तोटी बंद. हात तिच्याइतका साफ नव्हता, थेंब जास्तच जात होता. १७.९, १७.२, १६.५. तिन्ही वेगळी. त्यांनी तिन्ही तशीच लिहिली, तिसऱ्याभोवती गोल केला आणि फोन उचलून कुणाला तरी म्हणाले, "तिकडची हवा जरा वाढीव." बस्स, एवढंच.

"मॅडम, ही टाकी हाय," ते म्हणाले. "हितं तीन आकडं अगदी जुळलं तर मी सोता परत जाऊन बघतो. पाच म्हयनं पोरीची रीडिंगं छापल्यावानी येत हुती, तवाच मला इचारायला पायजे हुतं. म्या तारीफ करीत बसलो."

म्हणजे चुकणारे आम्ही दोघं होतो.

त्यांनी तिला बोलावलं. ती आत आली, मला पाहून दचकली. ते तिला म्हणाले, "हे बघ पोरी, मालकाशी माजं बोलनं झालंय. सा म्हयन्याचं नऊ करू. आजून तीन म्हयनं हितंच लॅबमधी. रोज टाकीवर मी तुज्यासंगं उभा ऱ्हातो. मग कायम. व्हय म्हन."

मला वाटलं, सुटलो! मी खरोखर उठून उभी राहिले. तिच्या खांद्यावर हात ठेवायला पुढे झाले.

ती म्हणाली, "नको सर."

"का गं?"

"मला ऑफिसात काही असेल तर द्या. डिस्पॅचला एक जागा आहे ना, बॉक्सचे बारकोड सिस्टीमवर टाकायचे. ते मी करीन. तिथे आकडा समोर असतो, तोच टाकायचा असतो."

माझं भानच सुटलं. "अगं वेडी झालीस का? तुझं रीडिंग बरोबर होतं! बारा पॉइंट सहा बरोबर होतं! तुझा हात चुकलाच नव्हता!"

"हो मॅडम," ती म्हणाली. मला समजवावं अशा आवाजात म्हणाली. "पण मला ते कळलं नाही ना. आताही सर दाखवतात तेव्हा कळतं. एकटी असले आणि परत तसं आलं, तर मी परत तेच खोडीन. मला माहीत आहे. मी रोज टाकीपाशी जाते तेव्हा माझं अंग कापतं. परत गंज राहिला, एखाद्या गाडीचा बोल्ट सुटला, तर?"

प्रमुखांनी आणखी दोनदा विचारलं. मी तर हात जोडले, अक्षरशः जोडले. ती मान हलवत राहिली. शेवटी त्यांनी चष्मा काढून पुसला, ऑफिसात फोन केला आणि दहा मिनिटांत तिची डिस्पॅचला बदली झाली. तिथेही कायम करता येईल, ते म्हणाले. तिने सही केली. तिचे खांदे खाली आले, कित्येक दिवसांनी श्वास घेतल्यासारखे. ते बघणं मला सगळ्यांत जड गेलं.

शिफ्ट सुटली तेव्हा आम्ही दोघी एकत्रच बाहेर पडलो. गेटबाहेर तिने आपल्या मोबाइलच्या कॅमेऱ्यावरचं स्टिकर काढलं आणि वडिलांना फोन लावला. "पप्पा, राहिली नोकरी. हो. कायम करणार आहेत. मॅडम आल्या होत्या." पलीकडचा आवाज पुन्हा पहिल्यासारखा मोठा झाला होता, मला दोन हातांवरून ऐकू येत होता. तिने फोन माझ्याकडे दिला.

"जय भीम मॅडम!"

"जय भीम."

"तुम्ही गेलात म्हणून झालं बघा. आमचं कोण ऐकणार होतं तिथं? उपकार झाले तुमचे." मग जरा थांबून विचारलं, "लॅबमध्येच आहे ना पण?"

ती माझ्याकडे बघत होती. कंटेनर जात होते, धूळ उडत होती, मी फोन कानाला घट्ट धरला.

"हो," मी म्हणाले. "लॅबमध्येच."

"मग तिचा पांढरा कोट इस्त्रीला टाकतो आजच," ते म्हणाले.